हार्टलिब, कोमेनियस आणि सतराव्या शतकातली ज्ञानसुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानाच्या इतिहासावर बोलायला गेलो की गॅलिलिओ, केप्लर, न्यूटन ही नावं सगळ्यांच्या ओळखीची निघतात. सॅम्युअल हार्टलिब म्हटलं की समोरचे चेहरे कोरे होतात. मग थोडं सांगितलं की प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक ठिकाणी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा बसून नीट लिहून काढली.

‘ज्ञानसुधारक’ म्हणजे नेमके कोण?

साधारण १६३० ते १६६० या तीस वर्षांत लंडनभोवती पत्रांनी बांधला गेलेला माणसांचा एक गोतावळा होता. त्याच्या मध्यभागी तिघे जण. सॅम्युअल हार्टलिब मूळचा बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्बिंगचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. जॉन ड्युरी हा एडिंबरामध्ये जन्मलेला धर्मोपदेशक. आणि यान आमोस कोमेनियस हा मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. त्यांच्याभोवती वैद्य विल्यम पेटी, रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल, बॉइलची बहीण लेडी रॅनेला, कवी जॉन मिल्टन अशी मंडळी कमीअधिक अंतरावर होती.

यांना सुधारायचं काय होतं, असं विचाराल तर यादी लांब आहे: शाळा, विद्यापीठं, ग्रंथालयं, औषधं, शेती आणि आपसांत लढणारे ख्रिस्ती पंथ. आज आपण यातल्या प्रत्येकाला वेगळं खातं दिलं आहे. त्यांच्या डोक्यात मात्र तो एकच प्रश्न होता. माणसाजवळ असलेलं ज्ञान दुसऱ्या माणसापर्यंत का पोचत नाही?

काळही लक्षात घ्या. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप उद्ध्वस्त केला होता. घरदार सोडून परागंदा झालेली माणसं नव्या शाळेचा आराखडा मांडत होती. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

मग फ्रान्सिस बेकनचं काय? सुरुवात त्याने केली ना?

विचाराची सुरुवात त्याचीच. निसर्गाची माहिती पुष्कळांनी मिळून, प्रयोग करून, पायरीपायरीने जमवावी आणि ती माणसाच्या उपयोगी पडावी, हे बेकन या इंग्लिश तत्त्वज्ञाने ठासून सांगितलं. १६२० मध्ये त्याचं ‘नोव्हम ऑर्गॅनम’ निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन खांबांमधून बाहेरच्या समुद्राकडे निघालेलं जहाज आहे आणि खाली बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातलं वचन आहे: पुष्कळ लोक इकडेतिकडे फिरतील आणि ज्ञान वाढेल.

बेकन १६२६ मध्ये गेला. विद्वानांनी एकत्र काम करावं अशा ‘सॉलोमनच्या घरा’ची त्याची कल्पना त्यानंतर छापून आली. पण ते घर बांधायचं कोणी, पैसे कुठून आणायचे, कोणाला पत्र लिहायचं, हे सगळं पुढच्या पिढीवर पडलं.

हार्टलिब स्वतः वैज्ञानिक होता का?

नाही. त्याच्या नावावर एकही नियम नाही, एकही शोध नाही. १६२८ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो कायमचा इंग्लंडला आला. चिचेस्टरला शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. मग लंडनला बिऱ्हाड केलं आणि उरलेलं सगळं आयुष्य पत्रं लिहिण्यात, पत्रं उतरवून काढण्यात आणि ती योग्य माणसाकडे धाडण्यात घालवलं.

हे किरकोळ वाटत असेल तर त्या काळाची कल्पना करा. विज्ञानाचं एकही नियतकालिक निघत नव्हतं. डान्झिगमध्ये कोणी चांगली दुर्बीण बनवली, तर ऑक्सफर्डला ते कळायचा मार्ग एकच: कोणीतरी कोणाला तरी कळवलं पाहिजे. हार्टलिब हा तो ‘कोणीतरी’ होता. आलेल्या पत्राच्या नकला काढायला त्याने लेखनिक ठेवले होते. एका पत्रातला शेतीचा मजकूर शेती करणाऱ्याकडे जाई, औषधाचा मजकूर वैद्याकडे. लॅटिन, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, डच अशा भाषांतून ही आवकजावक चाले. १६३४ पासून त्याने एक रोजनिशीही ठेवली. आज कोण भेटलं, त्याने काय सांगितलं, कुठल्या यंत्राबद्दल काय ऐकलं, अशा नोंदी त्यात आहेत.

१६४९ मध्ये संसदेने त्याला वर्षाला १०० पौंड मंजूर केले. ते वेळेवर हातात पडत नसत आणि घरातला पैसा टपालात जाई.

त्याच्या घराचं एक चित्र माझ्या मनातून जात नाही. त्याचा जावई फ्रेडरिक क्लोडियस रसायनी होता. त्याने घरामागच्या स्वयंपाकघरात भट्ट्या मांडून प्रयोगशाळा केली. १६५४ मध्ये बॉइलला लिहिताना हार्टलिब म्हणतो की आम्ही बिचारी गांडुळं, आमच्या जुन्या मागच्या स्वयंपाकघरात सरपटतो आहोत, त्याची माझ्या मुलाने (म्हणजे या जावयाने) झकास प्रयोगशाळा केली आहे. गांडूळ जमीन भुसभुशीत करतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हार्टलिबच्या मनात नम्रता असेल. मला त्या शब्दात त्याच्या कामाचं अचूक वर्णन दिसतं.

ही मंडळी नुसत्या योजना आखत होती की प्रत्यक्ष काही केलं?

केलं. मधमाश्यांचंच घ्या.

त्या काळी इंग्लंडमध्ये गवताच्या पेंढ्याची टोपलीसारखी पोळी असत. मध काढायचा तर खाली गंधक जाळून माश्या मारायच्या, मग पोळं कापायचं. वर्षभर राबलेली सगळी वसाहत एका संध्याकाळी मरायची. हार्टलिबने विचारणा सुरू केली की माश्या न मारता मध काढता येईल का. विल्यम म्यू नावाच्या धर्मोपदेशकाने काच बसवलेली मधपेटी केली होती, ती माहिती आली. ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात तिथला प्रमुख जॉन विल्किन्स याच्या बागेत तशा पेट्या होत्या. तिथल्या एका पोरसवदा विद्वानाने एकावर एक तीन मजले असलेल्या पेटीचं वर्णन आकृतीसह लिहून पाठवलं. १६५५ मध्ये हार्टलिबने हे सगळं मधमाश्यांवरच्या एका पुस्तकात छापलं. तो तरुण म्हणजे क्रिस्टोफर रेन. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारा हाच.

मला यात पेटीइतकाच छापण्याचा प्रकार महत्त्वाचा वाटतो. कोणाची पेटी, कोणी पाहिली, तिच्यात काय अडचण आली, हे पत्र जसंच्या तसं लोकांपुढे ठेवलं. वाचणाऱ्याने स्वतः सुतार बोलावून करून पाहावी.

शेतीतही तसंच. रिचर्ड वेस्टन फ्लँडर्समध्ये फिरून आला होता. तिथले शेतकरी जमीन पड टाकण्याऐवजी क्लोव्हरचं गवत आणि सलगम घेतात, त्यावर जनावरं पोसतात आणि जमीनही सुधारते, हे त्याने लिहून ठेवलं होतं. हार्टलिबने ते १६५० मध्ये छापलं. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या कुळातलं पीक. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. हे कारण त्यांना ठाऊक नव्हतं. परिणाम डोळ्यांनी दिसत होता आणि तो चारचौघांना सांगितला पाहिजे हे कळत होतं.

गुपितांचा त्यांना इतका राग का होता?

औषधाची कृती, धातूवरचा मुलामा, रंगाचा काढा, सगळंच तेव्हा घराण्याचं नाहीतर पेढीचं गुपित असे. माणूस मेला की कृती त्याच्याबरोबर जाई. आपल्याकडेही जडीबुटीचं नाव मुलालासुद्धा शेवटच्या घटकेला सांगायचं, अशा गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात, त्यामुळे हे आपल्याला समजायला अवघड नाही.

१६५५ मध्ये हार्टलिबने रसायन आणि औषधांवरच्या लेखांचा एक संग्रह काढला. त्यात एक निनावी पत्र आहे. ज्याच्याजवळ रोग बरा करणारी कृती आहे त्याने ती लपवू नये, मोकळेपणाने सगळ्यांना द्यावी, अशी त्यात कळवळून विनंती आहे. रॉबर्ट बॉइलचं छापून आलेलं हे पहिलं लेखन. वायूच्या दाब आणि आकारमानाचा नियम शाळेत ज्याच्या नावाने शिकतो, तो हाच बॉइल.

‘ऑफिस ऑफ ॲड्रेस’ काय होतं?

हार्टलिब आणि ड्युरी यांनी १६४७ च्या सुमारास मांडलेली योजना. शहरात एक कचेरी असावी. एका बाजूला नोकरी, घर, माल, भाडं यांच्या नोंदी; दुसऱ्या बाजूला ज्ञानाच्या नोंदी, म्हणजे कोण काय शोधतो आहे, कुठे काय सापडलं, कोणाला कशाची गरज आहे. गरिबाला नोंदणी फुकट. पॅरिसमध्ये तेओफ्रास्त रेनोदो याने अशी कचेरी चालवून दाखवली होती, तिचा नमुना समोर होता.

नोकरी-मालाची बाजू हेन्री रॉबिन्सनने १६५० मध्ये लंडनमध्ये सुरू केली. ज्ञानाची बाजू सरकारी मदतीने कधीच उभी राहिली नाही. ती हार्टलिबच्या घरीच चालू होती.

ड्युरीचाही एक विचार इथेच सांगतो. ग्रंथपालावर त्याने १६५० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. ग्रंथपालाने पुस्तकांचा पहारेकरी होऊन बसू नये, व्यापारी जसा बाहेरचा माल आणतो आणि आपला पाठवतो तसा ज्ञानाचा व्यवहार करावा आणि वर्षाकाठी त्याचा हिशेब द्यावा. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत बसणाऱ्यांनी हे एकदा वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कोमेनियसला शिक्षणाचा एवढा मोठा माणूस का मानतात?

त्याचं आयुष्य आधी सांगतो. जन्म २८ मार्च १५९२. लहानपणीच आईवडील गेले. ‘युनिटी ऑफ ब्रेदरन’ या छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचा तो धर्मगुरू झाला. १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रॉटेस्टंट हरले आणि त्याला लपून राहावं लागलं. १६२२ मध्ये साथीत बायको आणि दोन्ही मुलं गेली. १६२८ मध्ये त्याने देश सोडला तो कायमचा, आणि पोलंडमधल्या लेश्नोला वस्ती केली. १६५६ मध्ये लेश्नो जाळलं गेलं. त्यात त्याचं घर, ग्रंथसंग्रह आणि चाळीसहून अधिक वर्षं जमवत आणलेलं चेक शब्दभांडार भस्म झालं. तेव्हा तो ६४ वर्षांचा होता.

अशा माणसाने लिहून ठेवलं की शाळेत सगळे हवेत: मुलगे आणि मुली, श्रीमंत आणि गरीब, शहरातले आणि खेड्यातले. आधी वस्तू दाखवा, मग शब्द द्या. मातृभाषेतून सुरुवात करा. मारून शिकवू नका. सोप्याकडून अवघडाकडे जा.

१६३१ मध्ये त्याचं लॅटिनचं पाठ्यपुस्तक निघालं. सुमारे ८,००० शब्द १,००० वाक्यांत गुंफून जगातल्या बहुतेक गोष्टींची ओळख त्यात करून दिली आहे. तेव्हाची पोरं अर्थ कळायच्या आधी व्याकरण घोकत. त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजे मोकळा श्वास होता. ते युरोपभर भाषांतरित झालं.

चित्रांचं पहिलं पाठ्यपुस्तक त्याचंच का?

मुलांसाठीचं पहिलं सचित्र पाठ्यपुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ त्याचंच. १६५८, न्यूरेंबर्ग. दीडशे धडे. प्रत्येक धड्यावर एक चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि खाली त्याच आकड्याने त्या वस्तूचं नाव, एका रकान्यात लॅटिन आणि शेजारी जर्मन. पाव भाजणारा, मासे धरणारा, शिंपी, छापखाना, ग्रहण, वादळ, सगळं आहे.

सुरुवातीची पानं पाहा. शिक्षक मुलाला म्हणतो, ये बाळ, शहाणं व्हायला शीक. मग मुळाक्षरं येतात, तीही आवाजातून. कावळी ओरडते ‘आ आ’. कोकरू ‘बे एए’. वारा ‘फी फी’. हंसीण ‘गा गा’. लांडगा, अस्वल, उंदीर, तान्हं बाळ, प्रत्येकाचा एक आवाज आणि त्या आवाजाचं अक्षर. ‘क कमळाचा’ म्हणत अंकलिपीवर बोट फिरवलेल्या आपल्या प्रत्येकाला या पानाशी ओळख पटेल. फरक इतकाच की कोमेनियस अक्षराचा उच्चारच प्राण्याच्या तोंडून ऐकवतो.

एक धडा आत्म्यावर आहे. जो दिसत नाही तो कसा दाखवायचा? त्याने नुसत्या ठिपक्यांनी माणसाचा आकार काढला आहे. हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुढे जाऊ शकलो नाही. दाखवता येत नाही ते टाळून पुढे जाणं सोपं होतं. या शिक्षकाने ते मुलाच्या डोळ्यांपुढे आणायची वाट शोधली.

कोमेनियस लंडनला आला होता, मग तिथे काहीच कसं घडलं नाही?

कोमेनियसची ‘सर्वज्ञाना’ची, म्हणजे सगळं ज्ञान एकत्र बांधायची योजना होती. हार्टलिबने तिचा मसुदा १६३७ मध्ये ऑक्सफर्डला छापून टाकला होता, तोही त्याला न विचारता. त्यावर कोमेनियसच्या पंथात गहजब झाला, पण इंग्लंडमध्ये त्याचं नाव झालं. सप्टेंबर १६४१ मध्ये तो लंडनला उतरला. संसद विद्वानांची एक संस्था काढेल, तिला उत्पन्न लावून देईल अशी आशा होती. जागाही दाखवल्या: लंडनमधलं सॅव्हॉय, चेल्सीचं कॉलेज आणि विंचेस्टर.

ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. राजा आणि संसद यांच्यात बिनसलं. १६४२ च्या उन्हाळ्यात कोमेनियस निघून गेला आणि ऑगस्टमध्ये यादवी युद्ध पेटलं.

हे लोक धर्माविरुद्ध होते का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज वारंवार दिसतो. ज्ञान वाढलं की देवाचं राज्य जवळ येईल अशी त्यांची श्रद्धा होती. ड्युरीने तर पंथापंथांत समेट घडवण्यासाठी सगळा युरोप पालथा घातला.

या श्रद्धेने त्यांचं नुकसानही केलं. कोमेनियसने भविष्य सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून त्यांची भाकितं छापली. ती खोटी ठरली आणि त्याचं नाव खराब झालं. १६४२ मध्ये हॉलंडमधल्या लेडनजवळ तो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला भेटला. दोघं चार तास बोलले. देकार्तला बुद्धीचं क्षेत्र धर्मापासून वेगळं ठेवायचं होतं, कोमेनियसला ते वेगळं करणं मान्य नव्हतं. पुढच्या विज्ञानाने देकार्तची वाट धरली. तरीही सगळ्यांनी शिकावं ही कोमेनियसची तळमळ त्याच्या श्रद्धेतून आली होती, ती तिच्यापासून तोडून दाखवता येणार नाही.

यात बायका कुठे होत्या?

पत्रांमध्ये, आणि चांगल्या ठळक. लेडी रॅनेला म्हणजे कॅथरिन जोन्स हिचं घर हे या मंडळींचं भेटण्याचं ठिकाण होतं आणि तिचं मत सगळे विचारत. बॉइल १६६८ पासून लंडनच्या पॉल मॉलमधल्या तिच्या घरीच राहिला, प्रयोगही तिथेच केले. २३ डिसेंबर १६९१ ला ती गेली, आठ दिवसांनी ३१ ला तो गेला. डोरोथी मूर हिने मुलींच्या शिक्षणावर लिहिलं; ती पुढे ड्युरीची बायको झाली. राजकन्येला शिकवलेल्या बाथसुआ मेकिनच्या नावाने ओळखला जाणारा, मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडणारा १६७३ मधला निबंध कोमेनियसची पुस्तकं वापरा असं सांगतो. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेत मात्र पहिल्या बायका निवडल्या गेल्या त्या १९४५ मध्ये.

रॉयल सोसायटी यांनीच स्थापन केली ना?

सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. २८ नोव्हेंबर १६६० ला लंडनच्या ग्रेशम कॉलेजात रेनच्या व्याख्यानानंतर बारा जण जमले, तिथून ती सुरू झाली. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली. बॉइल, पेटी, विल्किन्स, रेन हे हार्टलिबशी संबंध आलेले लोक त्यात होते. बॉइलच्या १६४६-४७ च्या पत्रांतला ‘अदृश्य महाविद्यालय’ हा विद्वानांच्या एका अनौपचारिक गटासाठीचा शब्द पुढे करून पुष्कळ जण तिथून सोसायटीपर्यंत सरळ रेघ ओढतात. त्या शब्दात कोण कोण होतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

हार्टलिब सोसायटीत नव्हता. तो आजारी होता आणि यादवीत गेलेली राजेशाही १६६० मध्ये परत आल्यावर संसदेच्या बाजूचा माणूस म्हणून त्याचं वजन संपलं होतं. पण सोसायटीचा चिटणीस झालेला ब्रेमेनचा हेन्री ओल्डेनबर्ग हार्टलिबच्या पत्रमंडळातला होता. जगभर पत्रं लिहायची, आलेली इतरांना कळवायची, हीच रीत त्याने चालवली आणि मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं. पत्राच्या नकला काढणाऱ्या लेखनिकाची जागा छापखान्याने घेतली.

कोमेनियसने लंडनमध्ये लिहिलेलं ‘प्रकाशाचा मार्ग’ १६६८ मध्ये छापलं तेव्हा ते रॉयल सोसायटीलाच अर्पण केलं. निसर्गाचा अभ्यास करा, पण तिथेच थांबू नका, असं त्याने त्यात बजावलं.

आपल्या भागाशी याचा काही संबंध?

या मंडळाशी थेट नाही, ओढूनताणून जोडू नये. पण युरोपातल्या ज्ञानाच्या देवघेवीत आपला किनारा होता. गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६७ मध्ये क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर गेला. मुंबई बेट ओर्ताकडे खंडाने होतं. तिथल्या आपल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख त्याने केला आहे. ‘हॉर्टस मलबारिकस’ या केरळच्या वनस्पतींवरच्या डच ग्रंथात तर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचं १६७५ मधलं निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे.

आणि रॉयल सोसायटीवर निवडून आलेला पहिला भारतीय मुंबईचा: जहाजबांधणी करणारे अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया, १८४१.

हार्टलिबचं शेवटी काय झालं?

मुतखड्याच्या वेदना वर्षानुवर्षं सोसून, पैशाच्या ओढाताणीत तो मार्च १६६२ मध्ये गेला. सोसायटीला सनद मिळाली ती त्याच वर्षीच्या जुलैत. कोमेनियस १६७० मध्ये ॲमस्टरडॅमला वारला. नार्डेनला त्याची कबर आहे आणि त्याचा जन्मदिवस चेक लोक आजही शिक्षक दिन म्हणून पाळतात.

हार्टलिबचे कागद नाहीसे झाले होते. १९३३ मध्ये शेफील्डचे प्राध्यापक जॉर्ज टर्नबुल यांना ते लंडनमधल्या एका वकिलाच्या कचेरीत सापडले. २५,००० च्या आसपास पानं: मधपेट्या, औषधाच्या कृती, शाळांचे आराखडे, उसनवारीच्या विनवण्या. आज ती शेफील्ड विद्यापीठात आहेत, अक्षर न् अक्षर उतरवून इंटरनेटवर ठेवलेली आहेत, आणि कोणालाही घरी बसून फुकट वाचता येतात.